वर्गमुळाचं दुसरं उत्तर

जगदेवीबाईंना गणिताचा मुळात नाद नव्हता. त्यांचा जीव झाडापाल्यात. सोलापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन त्या बीएस्सी झाल्या, मग बीएड केलं आणि लग्न होऊन अणदूरला आल्या. नवरा महांतप्पा, बाजारात भुसार मालाचं दुकान. अणदूरपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावात मुलींची शाळा होती, तिथं विज्ञानाची जागा निघाली. बाई ज्या सोमवारी रुजू झाल्या त्याच आठवड्यात गणिताचे कृष्णराज सर लातूरला नोकरी लागून निघून गेले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी नव्या बाईंकडं एकदा नीट पाहून घेतलं आणि म्हणाले, "विज्ञान झालं म्हंजी गणित आलंच की." झालं. पानंफुलं राहिली बाजूला आणि बीजगणित गळ्यात पडलं.

आपल्याकडं हे असंच चालतं. पीटीचे सर इतिहास शिकवतात, चित्रकलेचे भूगोल, आणि पोरंही बिचारी शिकतात. पण जगदेवीबाई जिद्दीच्या. कृष्णराज सर जाताना आपली गणिताची वही मागं ठेवून गेले होते. बाईंनी ती घरी नेली आणि पहिलं वर्षभर पहाटे उठून, चुलीवर चहाचं आधण ठेवून, तिच्यातलं एकेक गणित सोडवलं. वही जुनी झालेली, पानं निसटत होती. म्हणून दुसऱ्या वर्षी त्यांनी ती आपल्या मोत्यासारख्या अक्षरात एका जाड दोनशेपानी वहीत उतरवून काढली. त्या एका वहीवर बाईंनी सत्तावीस वर्षं काढली. येत्या मे महिन्यात त्या निवृत्त व्हायच्या होत्या.

वहीतलं त्यांचं लाडकं गणित म्हणजे वर्गमुळाचं समीकरण. पाठ्यपुस्तकात ते नव्हतं आणि बोर्डाच्या परीक्षेलाही येत नव्हतं. पण पुस्तकातलं काय, कुणीही करतं, असं बाईंचं म्हणणं. त्यामुळं नववी-दहावीच्या शाळेच्या पेपरात चार गुणांना ते हमखास असायचं. करायचं कसं, तर वर्गमुळाचं चिन्ह घालवायला दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा. मग वर्गसमीकरण तयार होतं, त्याचे अवयव पाडायचे आणि उत्तरं काढायची. "वर्गसमीकरणाला उत्तरं किती?" बाई विचारायच्या. वर्ग ओरडायचा, "दोन!" "मग लिहायची किती?" "दोन्ही!" एकच लिहिलं की चारातले दोन गुण गेले. तिथं दयामाया नाही. मुली मागं त्यांना 'दोन्ही-लिहा बाई' म्हणायच्या. बाईंच्या ते कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

शाळेच्या फाटकावर एक निळा फलक आहे. गणित विषयाचा सलग एकोणीस वर्षे शंभर टक्के निकाल, असं त्यावर लिहिलंय. असा निकाल कसा लागतो ते गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. जी पोरगी दहावीत निकाल पाडेल अशी भीती असते, तिला नववीतच अडवायचं. एकदा नववीत अडकलेली मुलगी पुन्हा त्याच बाकावर बसायला फारशी येत नाही. घरचे म्हणतात, झालं तेवढं पुरे. हा रिवाज बाईंनी काही पाडला नव्हता. पण पाळला मात्र अगदी मन लावून.

यंदाच्या ऑक्टोबरातली गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत धाराशिवला दहा दिवसांचं गणिताचं शिबिर भरणार होतं, आणि त्यात जी मुलं चमकतील त्यांची लातूरला राहून अकरावी-बारावी करायची सोय होणार होती. शाळेनं आपली चाचणी घ्यायची आणि पन्नासात पंचेचाळीस पाडणाऱ्या मुलींचीच नावं पाठवायची, अशी अट. पेपर अर्थातच जगदेवीबाईंनी काढला. दहावीतल्या एकाही मुलीला पंचेचाळीस पडले नाहीत. सगळ्यात पुढं होती हर्षाली, तिला त्रेचाळीस.

हर्षालीला हे शिबिर किती हवं होतं ते साऱ्या वर्गाला माहीत होतं. तिचा बाप योगीराज टेम्पो चालवायचा. माणूस वाईट नाही, पण त्यानं सरळ सांगून ठेवलं होतं, "शिबिराला लागलीस तर लातूर. न्हाय लागलीस तर दहावी झाली की घरात बस, पुढचं मग बघू." पुढचं म्हणजे काय ते कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. दोन गुणांवर सगळं अडलं होतं, आणि ते दोन गुण गेले होते वर्गमुळाच्या गणितात.

शुक्रवारी शेवटच्या तासाला बाईंनी पेपर वाटले. हर्षाली उठून उभी राहिली. "बाई, एक इचारू का?"

"विचार."

"माझं सातवं गणित तुमी निम्मं कापलंय. पर ते बराबर हाय."

 बाईंच्या वर्गात असं कुणी बोलत नसे. बाईंना राग आला, पण कौतुकही वाटलं, कारण पोरगी हुशार होती. म्हटलं, एकदा सगळ्यांसमोर करून दाखवू, म्हणजे पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर गणित मांडलं: √(क्ष + ६) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला, क्ष + ६ = क्ष². सगळं एका बाजूला आणलं, अवयव पाडले, आणि क्ष = ३ किंवा क्ष = −२. खाली दोन रेघा ओढल्या.

"उत्तरं किती आली?"

"दोन," वर्ग म्हणाला.

"आणि हर्षालीबाईंनी किती लिहिली? एक. उणे दोनावर काट मारलीय आणि पुढं लिहिलंय, बसत नाही. का बसत नाही? खुर्ची मोडलीय का त्याची?"

मुली हसल्या. हर्षाली हसली नाही. "घालून बघा की बाई," ती म्हणाली.

"बघू या ना." बाईंनी पदर खोचला. "तीन घालू. तीन आणि सहा नऊ, नऊचं वर्गमूळ तीन. उजवीकडं क्ष, म्हणजे तीन. बसलं? आता उणे दोन. उणे दोन अधिक सहा, चार. चारचं वर्गमूळ दोन. आणि उजवीकडं क्ष, म्हणजे..."

खडू तिथंच थांबला. डावीकडं दोन आणि उजवीकडं उणे दोन. बाईंनी फळ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. काही लिहायची चूक झाली असेल म्हणून वरून खाली वाचत आल्या. चूक नव्हती.  एवढ्या वर्षांत हे गणित त्यांनी किती वेळा सोडवलं असेल, त्याला गणती नाही. पण उत्तर परत मूळच्या समीकरणात घालून पाहायचं म्हणून कधी खडू उचलला नव्हता.

तरी मास्तरकी अंगात मुरलेली. ती इतक्यात हार मानते होय? त्यांनी चटकन वाट काढली. "चारचं वर्गमूळ उणे दोनही असतं. उणे दोनाचा वर्ग किती? चारच ना? मग बसलं की."

वर्गानं सुटकेचा श्वास टाकला. हर्षाली मात्र उभीच. "मग बाई, पहिल्या चाचणीला म्या √९ बराबर उणे तीन लिव्हलं व्हतं, ते का कापलं? तुमीच म्हणला, नुसतं चिन्ह असलं की धन मूळच घ्यायचं. उणं पायजे असंल तर चिन्हाच्या आधी उणं लिव्हलेलं असतंय."

 पोरगी शब्द न् शब्द बरोबर बोलत होती आणि शब्द बाईंचेच होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"तुला हे... हे घालून बघायचं कुणी शिकवलं?" बाईंनी विचारलं. आवाज आपल्याला हवा तसा निघाला नाही, हे त्यांचं त्यांनाच कळलं.

"आईनं."

पुन्हा हसू फुटलं, यावेळी जरा जोरात. कारण हर्षालीची आई शुभांगी म्हणजे याच शाळेत पाचवी ते आठवीच्या मुलींसाठी खिचडी शिजवणारी बाई. मैदानाच्या पलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये ती अकरा वर्षं शिजवत होती, आणि ती स्वतः नववी नापास आहे हे गावाला माहीत होतं.

हर्षालीचे कान लाल झाले, पण ती बसली नाही. "आई म्हणती, खंडोबाची देवळं दोन हायत. एक अणदूरला, एक नळदुर्गाला. रस्ता दोन्हीकडं जातोय. पर मूर्ती एकच, देव एका टायमाला एकाच ठिकाणी असतोय. म्हणून नारळ फोडायच्या आधी आत डोकावून बघायचं, देव हाय का न्हाय."

घंटा झाली म्हणून बरं. बाईंनी फळा पुसला नाही. पुसायचं सुचलंच नाही.

घरी आल्यावर चहा पुढं आला तो तसाच निवला. महांतप्पा दुकानातून आले तर बायको माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून बसलेली, सगळीकडं जुने कागद.

"याके?" त्यांनी विचारलं. घरात निम्मं कानडी चालायचं. "का ओ, काय हरवलं?"

"कृष्णराज सरांची वही. तुम्ही रद्दीत घातली का?"

"मी कशाला घालू? तुमच्या वहीला हात लावायची माझी काय टाप हाय."

वही सापडली. पेटीच्या तळाला होती, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. बाईंनी वर्गमुळाची समीकरणं काढली. निळ्या शाईनं गणित सोडवलेलं, तसंच जसं त्यांनी उतरवून घेतलं होतं. पण प्रत्येक गणिताखाली लाल शाईत दोन-तीन ओळी होत्या, वर लिहिलेलं, ताळा. तीन घालून पाहिलेलं, पुढं बरोबरची खूण. उणे दोन घालून पाहिलेलं, पुढं लिहिलेलं: वर्ग केल्याने आत शिरलेले उत्तर, टाकून द्यावे. दुसऱ्या पानावर एका गणितात एक आणि दोन ही दोन्ही उत्तरं बसत होती, तिथं दोन्हींपुढं खूण होती. म्हणजे सरसकट एक टाकायचं असंही नव्हतं. प्रत्येक वेळी घालूनच पाहायचं. वर्ग केला की दोन आणि उणे दोन सारखेच दिसायला लागतात, दोघांचा वर्ग चारच. उण्याची ओळखच पुसली जाते. मग परत येताना जे नको तेही आत येतं, आणि ते ताळ्याशिवाय ओळखू येत नाही.

या लाल ओळी आपण का उतरवल्या नाहीत? बाईंनी डोकं धरलं, आणि हळूहळू आठवलं. दुसऱ्या वर्षी तास पस्तीस मिनिटांचा झाला होता. ताळ्याला वेळ जायचा. वही उतरवताना वाटलं, ताळा काय, मुली घरी घेतील. म्हणून नुसती निळी शाई उतरवली. पुढच्या वर्षी मुलींना ताळा घ्यायला सांगायचं राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी या गणितांनाही ताळा असतो हेच डोक्यातून गेलं. आणि मग 'दोन्ही लिहा' सुरू झालं.

पण खरा धक्का पुढंच होता. पहिल्या गणिताच्या ताळ्याशेजारी समासात पेन्सिलीनं एक शब्द लिहिलेला होता. समजले. अक्षर त्यांचंच होतं, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं. म्हणजे माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय उरली नाही. एके काळी हे त्यांना येत होतं.

"तब्येत बरी न्हाई का?" महांतप्पांनी विचारलं. बायकोचा चेहरा पाहून ते घाबरले होते.

"मी चुकीचं शिकवलं," बाई म्हणाल्या.

"एखाद्या गणितानं काय हुतंय?" ते म्हणाले. "आन् आता मे महिना कितीसा लांब हाय? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप बसा."

बाई गप बसल्या खऱ्या, पण ते नवऱ्याचं ऐकून नव्हे. त्यांना राहून राहून एकच वाटत होतं. नववी नापास बाईला ताळा कुठून आला?

शनिवारी सकाळची शाळा. खिचडी मुलींना वाढायच्या आधी कुणातरी शिक्षकानं ती चाखायची आणि चव रजिस्टरात सही करायची असा सरकारी नियम आहे, आणि त्या दिवशी पाळी जगदेवीबाईंची होती. शेडमध्ये शुभांगी मोठ्या पातेल्यात उलथनं फिरवत होती. वय चौतीस, पण दिसायला चाळिशीची. बाईंना पाहताच तिनं वाटीत दोन चमचे खिचडी काढून पुढं केली.

बाईंनी वाटी हातात घेतली आणि तशीच धरून ठेवली. "शुभांगी, हर्षालीला ताळा तू शिकवलास?"

शुभांगीचा चेहरा उतरला. "व्हय बाई. काय चुकलं का? लई उलटून बोलली का ती?"

"नाही, चुकलं नाही. तुला कुणी शिकवला?"

"तुमीच की."

"मी?"

"आठवीत. साध्या समीकरणाला तुमी ताळा घ्यायला लावायच्या. म्हणायच्या, उत्तर आलं की परत घालून बघायचं, न्हायतर उत्तर आलं असं म्हणायचं न्हाय. मला ते लई आवडायचं. मग नववीत तुमी वर्गमुळाचं शिकवलं, तवा म्या त्याला पन घेतला." ती उलथनं फिरवतच होती, नाहीतर खाली लागलं असतं. "एक बसायचं, एक बसायचं न्हाय."

 पुढचा प्रश्न त्यांना विचारायचा नव्हता. तरी तोंडातून गेलाच. "वार्षिकला होतं का ते?"

"व्हतं की. √(२क्ष + ३) बराबर क्ष. तीन बसतंय. उणे एक घातलं तर डावीकडं एक येतंय आन् उजवीकडं उणे एक. म्हणून म्या तीनच लिव्हलं." वीस वर्षांपूर्वीचं गणित ती काल सोडवल्यासारखं सांगत होती. "तुमी दोन कापले. मला तेहतीस पडले."

पास व्हायला पस्तीस लागतात.

बाई वाटी हातात धरून उभ्याच.  नापास मुली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. मुलगी कच्ची होती, एवढं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या. ही मुलगी कच्ची नव्हती. त्या वर्गात गणित फक्त हिलाच येत होतं, आणि त्यांनी हिलाच नापास केलं होतं. दोन आणि तेहतीस पस्तीस, एवढी साधी बेरीज, पण ती मनात पुरी करायला त्यांना किती वेळ लागला कुणास ठाऊक.

"मग... मग तू सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं व्हतं बाई. पेपर दाखवला तवा. तुमी मला बाकावर उभं केलं. म्हणला, हिला सगळं निम्म्यात सोडायची खोड हाय, ही दहावीला निकाल पाडणार." ती रागानं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. एखादी चार शिव्या घालती तर बरं झालं असतं. "तुमच्या ध्यानात नसंल."

नव्हतंच. बाईंना तो दिवस, तो बाक, ते वाक्य, काहीच आठवत नव्हतं. दुसऱ्याच्या जन्माचं वाटोळं करून आपण ते विसरूनही गेलो होतो. त्यांनी खिचडी तोंडात घातली. चव कळली नाही, तरी सवयीनं सही केली आणि त्या शेडमधून बाहेर पडल्या.

कार्यालयात जुन्या निकालपत्रकांचं कपाट होतं. शिपायाकडून किल्ली घेऊन बाईंनी दोन हजार सहा सालची नववी काढली. शुभांगी बलभीम, असं नाव सापडलं. मराठी एकसष्ट, इतिहास अठ्ठावन्न, विज्ञान चौसष्ट. गणित तेहतीस, लाल शाईत. शेरा लिहायच्या जागी बाईंच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'गणितात सवलत देऊ नये.' आणि हे मात्र त्यांना लख्ख आठवलं. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणाले होते, "दोन मार्कांसाठी कशाला पोरीला अडवता? द्या की वाढवून." बाई म्हणाल्या होत्या, "सर, फाटकावर शंभर टक्के लिहायचंय ना?" पुढच्याच वर्षी तो निळा फलक लागला. शुभांगीचं लग्नही त्याच वर्षी लागलं, अठरा पुरी व्हायच्या आधी.

तिसऱ्या तासाला बाई दहावीच्या वर्गावर गेल्या. कालचं गणित फळ्यावर तसंच होतं. हर्षाली मान खाली घालून बसली होती. घरी आईनं रागावलं असणार.

"वह्या काढा," बाई म्हणाल्या. "वर्गमुळाची जेवढी गणितं मी तुम्हाला दिलीत, त्यातलं एकेक उत्तर परत घालून बघायचं. बसलं तर ठेवायचं, नाही बसलं तर खोडायचं. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. तुमच्याआधीच्या मुलींनाही चुकीचंच शिकवलं."

एकही मुलगी हलली नाही. बाई चुकतात हे मुलींना मान्य होतं, पण बाई तसं म्हणतात हे काही कुणाला पटेना. मागच्या बाकावरच्या एकीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, खरंच म्हणाल्या का, म्हणून.

"हर्षाली, पेपर आण."

हर्षालीनं पेपर पुढं केला. बाईंनी त्रेचाळीसवर काट मारून पंचेचाळीस लिहिलं आणि शेजारी सही केली. हर्षाली आधी आकड्याकडं बघत राहिली, मग बाईंकडं, आणि मग एकदम हुंदका फुटून रडायला लागली. बाईंनाही रडू येत होतं, पण वर्गासमोर त्यांनी ते गिळलं.

शिबिराचा अर्ज त्याच दिवशी पाठवायचा होता. हर्षालीनं तो मधल्या सुट्टीत भरला, आणि पालकाच्या सहीसाठी शाळा सुटल्यावर शुभांगी हात पुसत पुसत शिक्षकांच्या खोलीत आली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. बाई अर्ज वाचत होत्या. आईचे शिक्षण या रकान्यात हर्षालीनं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, आठवी पास.

"हे मी बदलते," बाई म्हणाल्या. "नववी पास."

"असं लिव्हता येतंय व्हय? शाळेच्या पत्रकात तेहतीस हायत की."

"मुख्याध्यापकांना मी लेखी देते. चूक माझी होती, खरे गुण पस्तीस. ते काय करायचं ते करतील." "तुझं जे गेलं ते माझ्या लेखी दिल्यानं परत येणार नाही, ते मला कळतं. मला माफ कर असं म्हणायचंही माझं तोंड नाही."

शुभांगी पदराच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली. माफ केलं असंही म्हणाली नाही, नाही असंही नाही.

बाईंनी विचारलं, "त्या वर्षी आणखी कुणी ताळा घेतला होता का?"

"आमी चौघी मिळून अभ्यास करायचो. मीच त्यांना दाखवलं व्हतं. चौघींना बी ठाऊक व्हतं की एक बसत न्हाय."

"मग त्या तिघी?"

"त्यांनी पेपरात दोन्ही लिव्हली. पुरे गुण पडले, पास झाल्या. श्रीदेवी आता उमरग्याला नर्स हाय."

 ज्या खोटं उत्तर लिहायला शिकल्या त्या पुढं गेल्या होत्या. आणि ते खोटं लिहायला त्यांना शिकवलं होतं बाईंनीच.

"शुभे," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी तिला अशी हाक कधी मारली नव्हती. "मी एक लिहिलं की दोन गुण कापते, हे तुला ठाऊक होतं ना?"

"ठाऊक व्हतं की."

"नापास झालीस तर शाळा सुटेल, हेही?"

"व्हय. आमच्या वडलांनी आधीच सांगितलं व्हतं."

"मग लिहायची नाहीत का गं दोन्ही? एक आकडा तर लिहायचा होता. तू का नाही लिहिलास?"

शुभांगीनं बाईंकडं जरा नवलानं पाहिलं, हे काय विचारणं झालं, अशा नजरेनं.

"बसत न्हवतं की, बाई," ती म्हणाली, आणि सही करायला तिनं पेन मागितलं.